मोज्याला काय चिकटलं? काटेरी-चिकट्या बियांची रानझाडं ओळखायला शिकताना

भाद्रपद उलटला की माळावरून घरी आलेल्या माणसाची पहिली दहा मिनिटं पायरीवर बसण्यात जातात. पँटच्या कडा, मोजे, बुटाच्या नाड्या, ओढणीचं टोक, जिथे म्हणून कापड गवताला घासलं तिथे काहीतरी लागलेलं असतं. ते एकेक उपटायचं आणि अंगणात फेकायचं. आमच्या घरी या सगळ्याला सरसकट ‘कुत्री’ म्हणायचे. “अंगाला कुत्री लावून आलीस, आधी बाहेर बस,” असं आजी म्हणायची. त्यांत निदान दहा वेगवेगळ्या झाडांचा माल असतो, हे मला फार उशिरा कळलं.

झाडं ओळखायला शिकणारे बहुतेक जण फुलापासून सुरुवात करतात. पण आपल्याकडे फुलं पावसाळ्यात येतात, तेव्हा चिखल असतो, सुट्ट्या नसतात, आणि आपण बाहेर पडतो ते दिवाळीच्या आगेमागे. तोवर फूल गळलेलं, पान वाळलेलं. राहतं ते फळ. ते टिकाऊ असतं आणि शोधायलाही लागत नाही, आपल्याच पायाला धरून घरी येतं. म्हणून हा मार्ग उलटा आहे: आधी बी, मग झाड.

(एक गोष्ट आधीच सांगते. आपण ‘बी’ म्हणतो ते बहुतेक वेळा अख्खं फळ किंवा फळाचा तुकडा असतो, खरी बी आत असते. लेखात मी बोलीप्रमाणे बीच म्हणणार आहे.)

तयारी

वेळ दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतची. त्याआधी काटे हिरवे आणि मऊ असतात, त्यानंतर निम्मा माल गळून गेलेला असतो. जागा फार लांबची नको. गावाबाहेरचा ओढा, शेताचा बांध, पडीक प्लॉट, रेल्वेच्या रुळांकडेची पायवाट, टेकडीचा उतार. जिथून गुरं जातात ती वाट सगळ्यांत श्रीमंत.

सामान असं: दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी वापरतात तसलं चालतं), पट्टी, पांढरा जाड कागद, सेलोटेप, पेन्सिल, आणि जुन्या लोकरी मोज्यांची एक जोडी. हे मोजे पायात नाही घालायचे, बुटावरून चढवायचे. बी गोळा करण्याची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. वीस मिनिटं चाला, मोजे काढा, उलटे न करता पिशवीत टाका. प्रत्येक जागेसाठी वेगळी पिशवी, तिच्यावर जागा आणि तारीख.

अभयारण्यात किंवा संरक्षित पठारावर काही तोडू नका. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथे आखलेल्या वाटेवरूनच चालायचं. तिथून पायाला लागून जे आलं, ते पाहण्यापुरतं पुरे आहे.

आधी उंची लिहा, मगच उपटा

ही पायरी सगळे गाळतात. बी कपड्यावर कुठल्या उंचीला लागलं ते लिहून ठेवा: बुटाचा तळ, घोटा, नडगी, गुडघा, मांडी, कंबर. झाड किती उंच आणि फळ कुठे धरतं याचा हा पुरावा आहे, आणि बी हातात आल्यावर तो नाहीसा होतो. तळव्यात रुतलेलं बी जमिनीला चिकटून पसरणाऱ्या वेलीसारख्या झाडाचं असण्याची शक्यता मोठी. मांडीवर लागलेलं बी झुडपाचं. अपवाद आहेत, उतारावरून खाली येताना वरच्या बाजूचं गवत थेट खांद्याला लागतं. पण दहातल्या सात-आठ वेळा उंचीवरून अर्धी यादी गळते.

एकच बी लागलं की रांग, हेही पाहा. शालपर्णीच्या शेंगांचे तुकडे एकामागोमाग एक, शिवण घातल्यासारखे लागतात. आघाड्याची बोंडं घोळक्याने लागतात. शंकेश्वर एकेकटा येतो, पण आला की जाणवतो.

पकड कशी आहे?

आता भिंग काढा. चिकटण्याचे प्रकार पाचच आहेत, आणि नवशिक्याने नावाआधी हे पाच प्रकार पाठ करावेत असं माझं मत आहे. नाव गावागणिक बदलतं. पकड बदलत नाही.

पहिला प्रकार आकड्यांचा. काट्याचं टोक गळासारखं वळलेलं असतं. कापडाच्या धाग्यात ते अडकतं, बोटाला मात्र फारसं टोचत नाही. शंकेश्वर, निचर्डी, शालपर्णी या गटातली.

दुसरा उलट्या दातांचा. काटा सरळच, पण त्याच्यावर बाणाच्या पात्यासारखे मागे वळलेले दात. आत सहज जातो, बाहेर येत नाही. वनभेंडी, निसुर्डी, बायडेन्स.

तिसरा नुसत्या टणक काट्याचा. आकडा नाही, दात नाहीत. वजन पडलं की रुततो. सराटा.

चौथा कुसळाचा. लांब शेपटी असलेलं अणकुचीदार बी, जे ओल लागली की स्वतःभोवती फिरतं.

पाचव्या प्रकारात काटाच नसतो. चिकट स्रावाच्या बारीक ग्रंथी असतात. बोटाला डिंक लागल्यासारखं वाटतं. घेटुळी आणि चित्रक.

पहिल्या प्रकाराशी एक प्रसिद्ध शोध जोडलेला आहे. 1941 मध्ये जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस अभियंता आल्प्समध्ये कुत्र्याला घेऊन फिरून आला आणि कुत्र्याच्या केसांत अडकलेली बर्डॉक नावाच्या झाडाची बोंडं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्या आकड्यांवरून त्याने व्हेल्क्रो बनवलं, 1955 मध्ये पेटंट मिळालं. आपण बुटाला, दप्तराला लावतो ती चर्रकन उघडणारी पट्टी. महाराष्ट्राच्या माळावर बर्डॉक मिळणार नाही. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या कोटाला मात्र तेच लागण्याची शक्यता जास्त: पान अळूसारखं मोठं, आणि बोराएवढं गोल बोंड.

आता एकेक झाड

आघाड्यापासून सुरुवात करा, कारण तो कुठेही मिळतो आणि घरातल्या कुणालातरी ठाऊक असतोच. गंमत अशी की बहुतेकांना अर्धाच आघाडा माहीत असतो. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ, गणपतीच्या पत्रीत आघाडा, ऋषिपंचमीला दात घासायला आघाड्याची काडी. हे सगळं झाड कोवळं असतानाचं. तोच आघाडा कार्तिकात पँटला लागला की लोक “हे कसलं गवत?” म्हणून विचारतात. पिकलेल्या आघाड्याचा तुरा हातभर लांब, छडीसारखा. टोकाकडची फुलं दाट आणि वर पाहणारी, खालची मात्र देठाला चिकटून जमिनीकडे वळलेली. तुऱ्यावरून बोट वरून खाली फिरवा, सुळसुळीत लागेल. खालून वर फिरवा, टोचेल. ही चाचणी दुसऱ्या कुठल्या झाडाशी गफलत होऊ देत नाही. शिवाय पानं समोरासमोर, खोड काहीसं चौकोनी, पेरं फुगलेली. बोंड सोललं तर आत तपकिरी, तांदळाच्या कणीसारखा दाणा. आयुर्वेदात याला अपामार्ग म्हणतात. शास्त्रीय नाव अकिरँथिस आस्पेरा.

शंकेश्वर म्हणजे झँथियम स्ट्रुमेरियम. याला कुठे घागरा म्हणतात आणि कुठे (इथून घोळ सुरू होतो, त्याचं पुढे बोलू) गोखरू. ओढ्याकाठी, तळ्याच्या उतरलेल्या पाण्याच्या रेषेवर, उकिरड्यावर माणसाच्या कंबरेएवढा वाढतो. पान रुंद, खरखरीत, कडा दातेरी आणि उथळ खाचांच्या, बुडाशी तीन ठळक शिरा. खोडावर जांभळट-काळपट ठिपके. फळ लंबगोल, साधारण दीड-दोन सेंटिमीटर, सर्वांगावर आकडे आणि एका टोकाला दोन जाड चोची. त्या दोन चोची मोजा. आकड्यांच्या गर्दीत नवशिक्याला त्या दिसत नाहीत, पण एकदा दिसल्या की शंकेश्वर पुन्हा चुकत नाही. चाकूने उभं कापलं तर आत दोन कप्पे, प्रत्येकात एक बी. मेंढरांच्या लोकरीत हे अडकलं तर लोकर कातरूनच टाकावी लागते.

सराटा आणि शंकेश्वर शेजारी ठेवले तर कुणी गोंधळणार नाही, पण नावामुळे गोंधळतात. सराटा, म्हणजे ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, जमिनीलगत सतरंजीसारखा पसरतो. पानं चिंचेच्या पानासारखी, बारीक पर्णिकांची. समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं, एक लहान. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, सकाळी उघडणारं. फळ वाळलं की त्याच्या पाच फोडी होतात, आणि प्रत्येक फोडीला दोन मोठे, दोन छोटे काटे. फोड कशीही पडली तरी एक काटा आभाळाकडे. घोडदळाच्या वाटेत टाकायचे चारटोकी लोखंडी काटे याच रचनेचे असत. सोलापूर-सांगलीकडच्या माळावर सायकल चालवलेल्यांना हे झाड ओळखायला भिंग लागत नाही, पंक्चरवाला दाखवतो.

कुसळीचं वेगळंच. हेटेरोपोगॉन कंटॉर्टस हे तिचं शास्त्रीय नाव, आणि त्यातला दुसरा शब्द ‘पिळलेला’ याच अर्थाचा आहे. माळरानावर कार्तिक-मार्गशीर्षात गुडघाभर सोनेरी गवत असतं, त्याच्या शेंड्यांना काळपट तपकिरी कुसळांची एकमेकांत गुंतलेली वेणी दिसते. ती वेणीच ओळखीची खूण. एक कुसळ वेगळं करा: खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले दाट केस, वर बोटभर लांब, मध्ये कोपरात वाकलेली शेपटी. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब टाका आणि पाहत राहा. शेपटी हळूहळू उलगडते, घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. वाळली की पुन्हा पिळते. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर हे बी जमिनीत स्वतःला भोक पाडून शिरतं. मोज्यात शिरतं तेही याच रीतीने, म्हणून चालताना टोचणारं कुसळ उपटलं नाही तर घरी येईतो ते आतल्या बाजूला पोचलेलं असतं. मेंढरांच्या कातडीत जातं, गुरांच्या तोंडाला जखमा करतं. म्हणून हे गवत कुसळ धरण्याआधीच कापून घेतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही म्हण आपण सगळे वापरतो. कुसळ प्रत्यक्ष डोळ्यात गेलेल्या माणसाला ती म्हण तितकी विनोदी वाटत नाही.

वनभेंडी आणि निचर्डी या दोघींची गल्लत मी स्वतः दोन वर्षं केली. दोन्ही रानाच्या कडेला, वाटेच्या बाजूला, मांडीएवढ्या वाढतात. दोन्हींची पानं कमी-जास्त खाचांची, केसाळ. दोन्हींची बोंडं वाटाण्याहून लहान, काटेरी. फरक असे. वनभेंडीचं (युरेना लोबाटा) फूल गुलाबी, हुबेहूब छोटं जास्वंद. निचर्डीचं (ट्रायम्फेटा ऱ्हॉम्बॉइडिया) पिवळं, बारीक. फूल नसेल तर बोंड चिमटीत फोडा: वनभेंडी पाच फोडींत सुटते, आणि तिच्या आखूड काट्यांच्या टोकाला भिंगातून उलटे दात दिसतात. निचर्डी गोळीसारखी अख्खी राहते, काट्यांची टोकं आकड्यासारखी. आणि बोंडही नसेल तर वनभेंडीचं पान उलटं करा. मधल्या शिरेच्या बुडाशी एक बारीक खळगी असते, मधाची ग्रंथी. तिथे बहुधा मुंगी सापडते. ही खूण मला कळली त्या दिवशी मी वहीतल्या आठ नोंदी खोडल्या.

शालपर्णी, म्हणजे सालवण, दशमुळांतली एक. तिच्या चपट्या शेंगेला तुकड्या-तुकड्यांनी खाचा असतात आणि कपडा लागताच ती खाचेवर तुटते. एक तुकडा म्हणजे जेमतेम तीन-चार मिलिमीटरची टिकली. नुसत्या डोळ्यांना आकडे दिसत नाहीत, स्पर्शाला फक्त मखमल लागते. पान एकेकटं, तीनचं नव्हे, ही शालपर्णीची खूण. तिच्या भाऊबंदांत तीन पर्णिकांची पानं असलेले बरेच आहेत, त्यांच्या शेंगाही अशाच तुटतात. सुरुवातीला ‘डेस्मोडियमच्या (म्हणजे शालपर्णीच्या) घराण्यातलं’ एवढं लिहून पुढे जा.

बायडेन्सचं बी काळं, सुईसारखं, बोटाच्या पेराएवढं, टोकाला दोन ते चार दातेरी शुकं, म्हणजे ताठ काटे. महाबळेश्वरकडच्या रस्त्यांच्या कडेला पिवळ्या मध्याची फुलं धरून उभं असतं. त्यातली पिलोसा ही जात मूळची अमेरिकेतली. निसुर्डी घाटमाथ्यावरची, पांढरट-निळ्या फुलांची. तिची चार-चार बियांची जुडगी दातेरी काट्यांनी भरलेली असतात. कासला सप्टेंबरात फुलं पाहून आलेल्यांनी ऑक्टोबरअखेर पुन्हा जाऊन मोजे तपासावेत.

घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, अंगणातसुद्धा मिळेल. पसरट, लालसर खोड, बारीक जांभळी-गुलाबी फुलं, आणि पाच कंगोऱ्यांची, गदेसारखी चिमुकली फळं, जी पायाच्या उघड्या कातडीलाही चिकटतात. हा काट्याच्या गटात न बसणारा प्रकार असल्याने नवशिके याची नोंदच करत नाहीत. चित्रकाची पांढरी फुलं गळल्यावर मागे राहिलेल्या हिरव्या नळीवर बारीक देठ असलेल्या ग्रंथी दिसतात, बोट लावलं तर बोंडच हातात येतं.

वाघनखी आकाराने सगळ्यांना मागे टाकते. काळं, टणक फळ आणि पुढे वळलेली दोन नखं. ती मोज्याला नव्हे, गुराच्या खुराला धरते. मार्टिनिया ॲनुआ, मूळची मेक्सिकोची. पान हाताच्या पंजाएवढं आणि चिकट, फूल गुलाबीसर, घंटेसारखं, आत जांभळे डाग. पोरं याला विंचू म्हणतात आणि एकमेकांच्या पाठीला अडकवतात.

गोखरू म्हणजे नक्की कोण?

इथे जरा थांबून लिहिते, कारण हा प्रश्न फक्त वहीपुरता नाही.

माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत ‘गोखरू’ या नावाखाली तीन वेगळी झाडं होती. ज्या माणसांनी नाव सांगितलं ती सगळी बरोबर होती, आपापल्या गावापुरती. सराट्याला गोखरू म्हणतात, औषधातलं लहान गोखरू तेच. शंकेश्वरालाही अनेक ठिकाणी गोखरू म्हणतात. आणि तिसरं मोठं गोखरू, पेडॅलियम म्युरेक्स, रेताड जागेतलं मांसल झाड, पिवळ्या नळीसारख्या फुलांचं, चार कोनांना चार काटे असलेल्या फळाचं. त्याची चाचणी मजेची आहे: ताजी डहाळी पेलाभर पाण्यात ढवळली की पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत होतं.

या तिघांत शंकेश्वर विषारी आहे. त्याच्या बियांत आणि दोन पानांवर आलेल्या कोवळ्या रोपांत कार्बोक्सिॲट्रॅक्टिलोसाइड नावाचं विष असतं, ते यकृतावर जातं. रोप मोठं झालं की त्याचं प्रमाण उतरतं. पाणी ओसरल्यावर ओढ्याकाठी उगवलेली ही लुसलुशीत रोपं खाऊन गुरं, डुकरं दगावतात. 2007 मध्ये बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यात पुरानंतर अन्नाची टंचाई होती, तेव्हा लोकांनी ‘घागरा शाक’ म्हणून हीच कोवळी रोपं शिजवून खाल्ली. 76 जण आजारी पडले, त्यातले 19 दगावले. नाव पाहा: घागरा. आपल्याकडेही हेच नाव चालतं.

तेव्हा नियम असा: नुसत्या ‘गोखरू’ या नावावर काही खायचं नाही, काढा करायचा नाही, जनावरालाही द्यायचं नाही. वहीत गावातलं नाव लिहा, ते मोलाचं असतं, पण त्याच्यापुढे गावाचंही नाव लिहा, आणि त्याखाली पकड, फळाचं माप, पानाची मांडणी.

झाडापर्यंत परत जा

बी ओळखलं असं वाटलं की काम अर्धंच झालं. त्याच वाटेने परत जाऊन आईझाड शोधायचं. ते सापडलं की चार गोष्टी बघा: पानं समोरासमोर की एकाआड एक, पान साधं की पर्णिकांचं, खोड गोल की चौकोनी, झाड उभं की पसरलेलं. मग त्याच झाडावरचं फळ हाताने काढून मोज्यावरच्या फळाशी जुळवा. जुळलं तरच नाव. पानाचा फोटो काढताना एक वरून, एक खालून आणि एक देठाजवळचा काढा. फळाचा फोटो पट्टीशेजारी ठेवून. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकलं तर सुचवलेलं पहिलं नाव पक्कं धरू नका. वाळलेल्या झाडाच्या फोटोवर ही ॲपं सरळ चुकतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

काटेरी दिसतं पण चिकटत नाही, अशा झाडांवर वेळ घालवू नका. धोतऱ्याचं फळ काटेरी असतं पण ते झाडावरच फुटतं. पिवळ्या धोत्र्याचं तसंच. भुईरिंगणीचे काटे पानांवर असतात, फळ गुळगुळीत. एरंडाची बोंडं मऊ काट्यांची, कापडाला धरत नाहीत.

आणि एकाला हातच लावू नका: खाजकुयली. वेलीवर लटकणारी, एस अक्षरासारखी वाकलेली, सोनेरी-तपकिरी मखमली शेंग. ती दिसायला इतकी सुरेख की नवशिका हात लावतोच. तिचे केस सुटून कातडीत रुततात आणि मग तासभर दुसरं काही सुचत नाही. हिवाळ्यात वाळलेल्या शेंगांजवळून जाताना वारा जिकडून येतो त्या बाजूने जायचं, केस वाऱ्यावरही येतात. चुकून लागलेच तर चोळू नका. सेलोटेप लावून उचला, मग धुवा.

काढायचं कसं, टाकायचं कुठे

शंकेश्वर, निचर्डी, वनभेंडी बारीक दातांच्या फणीने निघतात. शालपर्णीच्या टिकल्या बोटाने निघत नाहीत, त्यांना टेप किंवा सुरीची बोथट पाठ. आघाडा कपड्यावरून एकाच दिशेला पुसून पाहा, नाही निघाला तर उलट दिशेला. कुसळ मात्र नेहमी टोकाकडून, ज्या बाजूने पुढे निघालंय तिकडूनच ओढायचं. शेपटी धरून ओढलंत तर शेपटी हातात येते, सुई आतच राहते. कुत्र्याच्या केसांत गुंतलेल्या बोंडाला थोडं खोबरेल लावा, सैल होतं. त्याच्या कानात, डोळ्यात किंवा बोटांच्या बेचक्यात कुसळ शिरलं असेल तर घरी चिमटा चालवू नका, पशुवैद्याकडे न्या. तुमच्या स्वतःच्या डोळ्याचंही तेच: चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं, तरी खुपत राहिलं तर डॉक्टर.

मोजे मशीनमध्ये टाकण्याआधी रिकामे करा, नाहीतर पुढचा महिनाभर घरातल्या सगळ्यांच्या बनियनमध्ये काटे सापडतील. घरातून ऐकून घ्यावं लागतं ते वेगळं.

काढलेलं बी अंगणात झटकू नका, दुसऱ्या वाटेवर तर मुळीच नको. तुम्ही झाडाचं काम फुकट करून देता, आणि बायडेन्स किंवा वाघनखी नव्या जागी रुजली की मग ती उपटत बसा. प्रत्येक जातीची दोन-तीन बोंडं टेपने कागदावर लावा, खाली जागा, तारीख, उंची, पकड. उरलेलं जाळा किंवा बंद पुडीत कचऱ्यात टाका.

शंकेश्वराचं एक बोंड मात्र ठेवून द्या. जूनमध्ये ते अख्खंच्या अख्खं एका कुंडीत पेरा. आतल्या दोन बियांपैकी साधारणपणे एक आधी उगवते, दुसरी मागे राहते, कधी पुढच्या हंगामापर्यंत. एक वर्ष बिघडलं तर दुसऱ्याला हात राखून ठेवण्याची त्या झाडाची ही सोय. कुंडीवर पेरल्याची तारीख लिहा, पहिलं रोप ओळखीपुरतं वाढवून फुलण्याआधी उपटा, माती तशीच राहू द्या. घरात शेळी असेल तर कुंडी उंचावर ठेवा.